आठवड्याचा नेम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'करिअर आणि यश' असा विषय सुचवला होता. मी त्यांची परवानगी घेऊन तो थोडा बदलला. एक तर आपल्या वर्गात यशाचे प्रकार फार आहेत. कुणी शेती करतं, कुणी शाळेत शिकवतं, कुणाचं पिरंगुटला वर्कशॉप आहे, कुणी गाडी चालवतं, कुणी तीस माणसांचं घर सांभाळते. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, म्हणून मी तुम्हाला यश शिकवावं, हे काही बरं दिसत नाही. पण एक गोष्ट आपल्या सगळ्यांची सारखी आहे. शाळा सोडून तीस वर्षं होत आली आणि प्रत्येकाच्या मनात एखादं तरी काम "करायचंय, करायचंय" म्हणत पडून आहे.

सकाळी चहाच्या वेळी मी सहज विचारत होते. एकाला साखर आटोक्यात आणायची आहे. एकीला बारावी व्हायचंय. एकाला पखवाज पुन्हा हातात घ्यायचाय. एकाच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, ते काम मार्गी लावायचंय. एकीला वडिलांच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत, वडील आहेत तोवर. या शेवटच्या वाक्यावर आम्ही दोघी जरा गप्पच झालो. पंचविशीत "पुढच्या वर्षी बघू" म्हणायला काही वाटत नव्हतं. आता ते वाक्य म्हणताना आपणच मनात वर्षं मोजतो. म्हणून आज बोलायचं ते या पडून राहिलेल्या कामांबद्दल, आणि ती आठवड्या-आठवड्याने कशी पुढे सरकतात याबद्दल.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, नेम. गोट्या खेळताना आपण नेम धरायचो. म्हणजे लक्ष्य. आणि आजी सोमवार करायची, एकादशी करायची, तोही तिचा नेमच. म्हणजे ठरलेला, न चुकणारा क्रम. जे वारकरी दर महिन्याला पंढरपूरला जातात त्यांची ती नेमाची वारी. कुठे पोचायचं आणि रोज काय करायचं, या दोन्ही गोष्टींना मराठीने एकच शब्द ठेवला आहे. आपण मात्र पहिला नेम जोरात धरतो, एक जानेवारीला किंवा पाडव्याला, आणि दुसरा नेम ठरवायचाच विसरतो. "या वर्षी दहा किलो वजन कमी करणार" हा पहिला नेम. "मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सहाला शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत चालणार" हा दुसरा. पहिल्यामुळे दिशा कळते, पण पाय हलतात ते दुसऱ्यामुळे.

आता प्रश्न येतो, आठवडाच का? रोज का नाही?

ज्यांना रोज जमतं त्यांनी जरूर रोज करावं. पण आपल्या वयाच्या माणसाचा दिवस आपल्या हातात नसतो. गाय विते, मूल आजारी पडतं, ऑफिसात रात्री सर्व्हर बंद पडतो, पाहुणे येतात. रोजचा नेम धरला की तिसऱ्या दिवशी तो मोडतो आणि मोडला की माणूस सगळंच सोडतो. वर्षाचा नेम धरला तर मार्चपर्यंत आठवतच नाही. आठवडा मात्र बेताचा आहे. त्यात सोमवारी बुडालेलं गुरुवारी भरून काढता येतं, आणि तो इतका लांबही नाही की विसरून जावं.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाच्या व्यायामाचं माप आठवड्यातच दिलं आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे भराभर चालण्यासारखा. ते पाच दिवसांत तीस-तीस मिनिटं करा किंवा तीन दिवसांत पन्नास-पन्नास. आठवड्याअखेर बेरीज जमली पाहिजे.

आपले पूर्वजही आठवड्यावरच जगत होते. आठवडे बाजार हे त्याचं मोठं उदाहरण. बाजाराचा दिवस ठरलेला, म्हणून भाजी तोडायचा दिवस ठरलेला, म्हणून उधारी चुकवायचा दिवसही ठरलेला. महाराष्ट्रातले मोठे विचारही आठवड्याच्या चालीने घरोघरी पोचले. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झाला तो साप्ताहिक म्हणून. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' सुरू केलं, तेही साप्ताहिक. संपादकाला स्फूर्ती येवो न येवो, अंक ठरल्या वारी निघायचा. वर्षाला बावन्न वेळा. त्या बावन्न वेळांतूनच लोकांचं मत घडत गेलं.

आणि सर, बाई, तुमच्यासमोर हे सांगायला मला संकोच वाटतो, कारण आठवड्याचा हा हिशोब तुम्हीच आम्हाला शिकवलात. शाळेचं वेळापत्रक आठवड्याचंच असतं. सोमवारी पहिला तास गणिताचा, शनिवारी सकाळची शाळा आणि कवायत. जूनमध्ये तुम्ही वार्षिक नियोजन करायचात, त्याचं घटक नियोजन व्हायचं, आणि मग पाठ टाचण. हातात टाचण वही घेऊन वर्गात येणारे आमचे शिक्षक मला अजून दिसतात. तेव्हा आम्हाला वाटायचं, ही वही मुख्याध्यापकांना दाखवण्यासाठी असते. पुढे ऑफिसात काम करू लागल्यावर कळलं की एवढा जाड भूगोल एप्रिलच्या आत संपायचा तो त्या वहीमुळे. मोठं काम वर्षात मांडायचं, मग तुकडे करून आठवड्यात बसवायचं, आणि तासाला जेवढं झालं तेवढ्यावर खूण करायची. आमच्या क्षेत्रात हेच काम 'स्प्रिंट' नावाने चालतं आणि त्यासाठी लोक फी भरून प्रशिक्षण घेतात!

स्प्रिंट म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते. मोठं सॉफ्टवेअर एकदम बनवायला घेत नाहीत. एक किंवा दोन आठवड्यांत खरोखर होईल एवढंच काम फळ्यावर घेतात, मुदत संपली की काय झालं ते सगळ्यांसमोर दाखवतात, आणि उरलेलं का उरलं ते बोलून पुढचा तुकडा नव्याने ठरवतात. यातली महत्त्वाची गोष्ट शेवटची आहे. काम उरलं की आधी तुकडा तपासतात. तुकडा मोठा झाला असेल तर पुढच्या वेळी लहान करतात. स्वतःच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. काम उरलं की स्वतःला "मी आळशीच" म्हणून मोकळे होतो, आणि पुढच्या सोमवारी तोच मोठा तुकडा पुन्हा उचलायला जातो.

पण मला आज सगळ्यात चांगलं उदाहरण द्यायचंय ते हिंजवडीतलं नाही. ते आपल्या गावागावातल्या बचत गटांचं आहे. इथे बसलेल्या माझ्या किमान दहा-बारा मैत्रिणी गटात आहेत, त्यांनी मी चुकले तर थांबवावं.

आपल्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात सुधा कोठारी यांच्या 'चैतन्य' संस्थेने बायकांचे गट बांधायला सुरुवात केली तेव्हा आपण शाळेत होतो. १९९२ साली नाबार्डने प्रयोग म्हणून देशातले ५०० गट बँकांशी जोडायचं ठरवलं. आज 'उमेद' अभियानामुळे गट माहीत नाही असं गाव सापडणं कठीण. या गटांचा पाया म्हणजे पंचसूत्री. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लेखन. पाचही सूत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, नियमित. "जास्त बचत" असं एकही सूत्र म्हणत नाही.

हिशोब करून बघा. दहा बायका, आठवड्याला प्रत्येकी दहा रुपये. आठवड्याचे शंभर, वर्षाचे ५,२००. पाच वर्षांत २६,०००, शिवाय अंतर्गत कर्जाचं व्याज. आजच्या काळात ही रक्कम काही मोठी नाही. मग बँक त्या गटाला त्याच्या कितीतरी पट कर्ज का देते? कारण बँक रकमेइतकीच वहीही बघते. पाच वर्षं बैठक चुकली नाही, हप्ता चुकला नाही, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, दागिना असला तरी तो सासूच्या कपाटात, तिच्याकडे गहाण ठेवायला काहीच नव्हतं. तिच्या नियमितपणालाच बँकेने तारण मानलं. मला ही आपल्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते.

गटात बचत टिकते आणि एकटीने डब्यात टाकलेले पैसे टिकत नाहीत, याची कारणं साधी आहेत. वार आणि वेळ ठरलेली असते. जागा ठरलेली असते. रक्कम सगळ्यात अडचणीतल्या बाईलाही जमेल एवढी लहान असते. कुणीतरी वहीत लिहिते. आणि आपण गेलो नाही तर कुणीतरी विचारते, "का गं, आली नाहीस?" वार, जागा, लहान माप, वही आणि विचारणारं माणूस. पैशांच्या जागी चालणं घाला, अभ्यास घाला, पखवाज घाला. पाच गोष्टी त्याच राहतात.

यावर शास्त्रज्ञांनीही काम केलंय. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलं की "मी हे करणार" एवढं ठरवणं आणि "अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की मी हे करणार" असं ठरवणं, यांत मोठा फरक पडतो. पुढे २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि दुसऱ्या प्रकारे ठरवणाऱ्यांचं काम पार पडण्याचं प्रमाण चांगलं वाढलेलं दिसलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण सरासरीवर जाऊ नका. अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. "एकवीस दिवसांत सवय लागते" असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्यावर विसंबू नका. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्यासाठी महत्त्वाची. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून माझा एक साधा नियम आहे. एक आठवडा बुडाला तर बुडू दे. लागोपाठ दोन बुडू द्यायचे नाहीत.

आपल्याकडे आवणीचे दिवस घ्या. पाऊस लागला, तरवा तयार आहे, अख्खं घर चिखलात. त्या पंधरवड्यात कुणी "मी रोज तासभर वाचन करतो" म्हणाला तर त्याचं शेत दुसरा कुणीतरी लावतोय असं समजावं. तेव्हा नेम ठरवताना चांगला आठवडा डोळ्यांसमोर ठेवू नका, आवणीचा आठवडा ठेवा. त्या आठवड्यातही जेवढं होईल तेवढं तुमचं किमान माप. दोन पानं वाचन, वीस मिनिटं चालणं, आईला एक निवांत फोन. बाकीच्या आठवड्यांत जास्त झालं तर तो वरकड नफा.

"थेंबे थेंबे तळे साचे" ही म्हण आपण सुविचाराच्या फळ्यावर शंभरदा लिहिली. मुळशीच्या माणसाने मात्र ती जरा पुढे नेऊन समजून घ्यायला हवी. आपल्याकडे थेंबांची काय कमी? ताम्हिणीच्या बाजूला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. तरीही उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायकांना हंडा घेऊन चालावं लागायचं. पाणी पडतं, पण थांबत नाही. थांबतं ते जिथे भिंत आहे तिथे. त्या भिंतीसाठी आपल्या पणज्यांनी घरं-शेतं गमावली, १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, हे मी विसरत नाही. कुणासाठी कुणाचं पाणी अडवलं हा प्रश्न वेगळा आहे आणि तो खराच आहे. मला इथे एवढंच म्हणायचंय की पडणं आणि साचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मी का सांगते, ते तुम्हाला कळलं असेल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिंजवडी, माण, मारुंजीपासून भूगाव, पिरंगुटपर्यंत जमिनींना भाव आला. काही घरांत पैसा एका दिवसात आला, धो धो पावसासारखा. काहींनी तो साचवला, शिक्षण केलं, धंदा उभा केला, दुसरीकडे शेत घेतलं. काहींच्या अंगणातून तो वाहून गेला, आणि आता ना जमीन आहे ना पैसा. मी कुणाला बोल लावत नाही. एवढा पैसा हाताळायची सवय आपल्याला कुणी लावलीच नव्हती. पण आपली मुलं आता वीस-बावीसची आहेत आणि ती सगळं बघतायत. नशीब एका सहीत बदलतं असं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आठवड्या-आठवड्याने उभं राहिलेलंही काहीतरी त्यांना आपल्या घरात दिसायला हवं. भाषण देऊन ते दिसणार नाही. बापाला दर शनिवारी वही उघडून बसलेलं पाहिलं तर दिसेल.

पौड रस्त्याने पुण्यात शिरलं की कोथरूड लागतं आणि त्याच्या बाजूला कर्वेनगर. एके काळचं हिंगणे. बसमधून जाताना मला तिथे हटकून अण्णा कर्वे आठवतात. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १८९६ साली त्यांनी विधवा स्त्रियांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला एका झोपडीत नेला. तेव्हा तिथे नीट रस्ताही नव्हता. कॉलेजचं काम संभाळून अण्णा त्या वाटेने पायी ये-जा करत. पावसात, चिखलात, वर्षानुवर्षं. निधी जमवला तोही बराचसा थोड्या-थोड्या देणग्यांतून, दारोदार फिरून. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा निघाव्यात म्हणून त्यांनी नवं मंडळ काढलं आणि पुन्हा पैसे गोळा करायला बाहेर पडले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. आपण चाळिशी-पन्नाशीत "आता काय उरलंय" म्हणतो, तेव्हा हा हिशोब जरा डोळ्यांसमोर ठेवावा.

अण्णांचं नाव मोठं आहे. पण आपल्या वर्गातही तसं उदाहरण आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही, ती इथेच बसली आहे. दहावीनंतर तिचं लग्न झालं. मुलीच्या बारावीच्या वेळी तिनेही १७ नंबरचा फॉर्म भरला. आठवड्यातून तीन संध्याकाळी, सात ते आठ. मंगळवार, गुरुवार, शनिवार. चाळीस आठवडे धरले तर १२० तास. त्यातले पंधरा-वीस तास सणावारांत आणि सासऱ्यांच्या आजारपणात गेले. उरलेल्या शंभर तासांत ती बारावी झाली. मी तिला विचारलं, सगळ्यात अवघड काय होतं? मला वाटलं इंग्रजी म्हणेल. ती म्हणाली, "सात वाजता उठून आतल्या खोलीत जाणं. सगळे बघायचे. भाकरी तर झालेली असायची, तरी सगळे बघायचे."

हे वाक्य मी मुद्दाम पुरुष मित्रांसाठी सांगितलं. आपल्याकडे बायकांना नेम नवा नाही. सोमवार नवऱ्यासाठी, शुक्रवार मुलांसाठी, संकष्टी घरासाठी. उपास करायला कुणी अडवत नाही. स्वतःसाठीचा तास मात्र मागावा लागतो. तेव्हा तुमच्यापैकी ज्यांना स्वतःसाठी काही ठरवायचं नसेल त्यांनी एवढं तरी ठरवा, घरातल्या बाईचा आठवड्यातला एक तास माझ्या राखणीला. त्या तासात दार मी उघडणार, चहा मी करणार, "ती कुठेय?" असं कुणी विचारलं तर उत्तर मी देणार. हाही नेमच आहे, आणि सोपा नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. नेमाने सगळं होत नाही. कर्जाचा डोंगर, मोठं आजारपण, कोर्टातली तारीख, अवकाळी पाऊस, यांना आपल्या वहीशी काही देणंघेणं नसतं. ज्याचं काम झालं नाही तो आळशी, असं कधी म्हणू नये. नेम एवढंच करतो की जेवढा भाग आपल्या हातात आहे, तेवढा हातातून निसटू देत नाही. आणि कधीकधी बारा आठवड्यांनी वही बघून कळतं की हे आपल्याला हवंच नव्हतं. मग ते काम खुशाल सोडावं. वीस वर्षं मनावर वागवलेलं ओझं उतरलं, हीसुद्धा प्रगतीच.

आता शेवटचं, आणि थोडं कामाचं. आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक यांत तो दिवसभर वाजत असतो. माझी विनंती अशी. आज जाण्याआधी प्रत्येकाने एक ओळ लिहावी. काय करणार, कोणत्या वारी, किती वाजता, कुठे. "तब्येत सांभाळणार" असं लिहिलं तर मी परत पाठवणार. मग दर रविवारी रात्री आठ वाजता ग्रुपवर एकच शब्द टाकायचा. "झालं" किंवा "नाही". कारणं लिहायची नाहीत, भाषण करायचं नाही, कुणाला टोमणा मारायचा नाही. ज्याचा लागोपाठ दोन रविवार "नाही" येईल किंवा काहीच येणार नाही, त्याला दोघांनी फोन करायचा आणि एवढंच विचारायचं, "माप लहान करायचं का?" बारा आठवड्यांनी ज्यांना जमेल त्यांनी एका रविवारी सकाळी तिकोन्याला किंवा घनगडाला जमायचं, आणि ज्यांचे गुडघे नाही म्हणतात त्यांनी पायथ्याला चहा करून ठेवायचा.

आणि सर, बाई, तुम्हालाही ग्रुपवर घ्यायचं आहे. तुमच्याकडे काम एकच, हजेरी घेण्याचं. आमच्यापैकी निम्मे जण अजूनही तुमच्या आवाजाला जेवढे घाबरतात तेवढे डॉक्टरांनाही घाबरत नाहीत. तुम्ही रविवारी रात्री नाव पुकारलंत तर "हजर" म्हणायला का होईना, आम्ही काहीतरी करून ठेवू.

कागद आणि पेनं मागच्या टेबलावर ठेवली आहेत. जेवणाच्या रांगेला लागण्याआधी आपली ओळ लिहावी.